चौऱ्याऐंशी सेंटिमीटर

माझ्या मामांना ऑफिसात ‘मिलीमीटर’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही असावं. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जमिनीची उंची मोजायचं. समुद्रापासून निघायचं, तिपाईवर दुर्बीण लावायची, पुढे एकाने आकड्यांची पट्टी उभी धरायची, मागे दुसऱ्याने. दोन्ही पट्ट्या वाचून आकडे वहीत मांडायचे आणि शेदीडशे पावलं पुढे सरकायचं. असं करत देशाच्या मध्यापर्यंत जायचं आणि मग त्याच रस्त्याने मोजत परत यायचं. जातानाचा आणि येतानाचा हिशोब जुळला नाही, तर पुन्हा जायचं. मामांनी अर्धा देश असा पायाखाली घातला आणि त्यातला एकही देखावा त्यांच्या लक्षात राहिला नाही.

आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर फडताळावर जायची. “डावीकडे उतरलंय,” ते म्हणायचे. आई वैतागायची. “दादा, तू बहिणीला भेटायला आलास की फडताळाला?” मामा ओशाळून बसायचे, आणि आई चहा टाकायला आत गेली की उठून फडताळाखाली कागदाची घडी सारायचे. दोघांमध्ये सहा वर्षांचं अंतर. आईचं आपल्या भावावर इतकं प्रेम होतं की त्याचं कौतुक ऐकून शेजारणी टाळायला लागल्या होत्या.

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खात्याने मोठं काम काढलं. देशातल्या सगळ्या प्रदेशांच्या उंचीचं एक पुस्तक. कोणतं गाव किती उंचीवर, कोणता प्रदेश सरासरीने वर आणि कोणता खाली, सगळं एका ठिकाणी. तोवर पठाराची मोजणी एका बंदराच्या समुद्रावरून झाली होती आणि सखल प्रदेशाची दुसऱ्या बंदराच्या. दोन्ही समुद्रांची पातळी एक नसते. आपल्याकडे बेचाळीस सेंटिमीटरचा फरक निघाला. सखल प्रदेशाच्या प्रत्येक आकड्यातून हे बेचाळीस वजा केले की सगळा देश एका मापात येणार होता.

गणित विभागाने ते उलट मिळवले. ही दोन मापं जोडणारी मोजणी पठाराकडून खाली उतरत केलेली होती, आणि आकडे उतरवून घेणाऱ्याने ती खालून वर चढत केलेली समजली. दिशा उलटी धरली की वजाचं अधिक होतं. शिकाऊ माणूसदेखील मैदानात ही चूक करणार नाही, कारण तिथे पाय सांगतात आपण चढतोय की उतरतोय. खुर्चीत बसलेल्याला कोण सांगणार? बेचाळीस वजा व्हायचे ते मिळवले गेले, आणि अख्खा सखल प्रदेश कागदावर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर उचलला गेला.

छपाईची शेवटची प्रत तपासायला आली तेव्हा मामांना ते दिसलं. ते तसेच साहेबांच्या खोलीत गेले. पुढचं सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

“साहेब, सखल भागाची सगळी उंची चुकली आहे.”

“किती?”

“चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.”

साहेब हसले. “मला वाटलं एखादा डोंगर गायब झाला.”

“पण साहेब, याच्यावर बांध घालतील, कालवे काढतील...”

“परवा मंत्री पुस्तकाचं प्रकाशन करताहेत. ते कुठले आहेत, माहिती आहे ना?”

मंत्री सखल प्रदेशातले होते. इतकी वर्षं शाळेतली पोरं पाठ करत आली, सर्वांत सखल प्रदेश कोणता, तर आमचा. त्यावरून वरच्या लोकांनी खालच्यांना काय काय ऐकवलं नव्हतं! पाणी आमच्याकडून तुमच्याकडे जातं, आणि सोबत आमचा गाळही, हे तर नेहमीचं. आता नव्या पुस्तकात नवव्या पानावरच्या तक्त्यात सखल प्रदेशाने शेजारच्या किनारपट्टीला बोटभर मागे टाकलं होतं. तो आता खालून दुसरा होता. मंत्र्यांच्या भाषणात ते वाक्य आधीच टाइप झालं होतं.

“शुद्धिपत्र काढू,” साहेब म्हणाले. “पुस्तकात चिठ्ठी घालू. तुम्ही तपासणीचा शेरा मारा.” मामा हलले नाहीत. मग साहेबांनी खण उघडला आणि एक कागद वर काढला. “तुमच्या भाच्याच्या नेमणुकीचा कागद माझ्याकडेच पडलाय. आज दोन्ही सह्या उरकून टाकू. एक तुमची, एक माझी.”

तो भाचा मी. वडील गेल्याला वर्ष झालं होतं, मी तीन परीक्षा देऊन घरी बसलो होतो आणि आई माझ्याकडे बघायचं टाळत होती. मामांनी सही केली. पुढच्या सोमवारी मी त्याच खात्यात टंकलेखक म्हणून रुजू झालो. शुद्धिपत्र छापलं गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते गठ्ठ्यांनी भांडारात आलं आणि तिथेच राहिलं. चिठ्ठी घालायचा आदेश निघायला हवा होता, आणि तो काढणं कुणाच्याच फायद्याचं नव्हतं.

प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सखल प्रदेशाचं अभिनंदन होतं. जमीन वर आल्याबद्दल अभिनंदन! मला आजही ती बातमी आठवली की संताप येतो, आणि तो संताप कुणावर काढावा हे कळत नाही, कारण त्या दिवशी मी पहिल्या महिन्याच्या हजेरीपटावर हौसेने नाव लिहीत होतो.

वर्षभराने आमच्या शहराला लागून, सखल प्रदेशात, नदीकाठी बांधाचं काम निघालं. पुराची पातळी पठाराच्या आकड्यांवरून काढली, ती बरोबर होती. काठावरच्या जमिनीची उंची पुस्तकातून घेतली. वजाबाकी केली आणि तेवढा बांध घातला. निवृत्त झालेल्या मामांनी बांधकाम विभागाला दोन पत्रं पाठवली. मग कुणाकडून तरी दुर्बीण मागून आणली आणि स्वतः मोजून आकडे नेऊन दाखवले. तिथल्या इंजिनिअरने विचारलं, “पुस्तक तपासलं कोणी?” मामा म्हणाले, “मीच.” “मग आता काय दुसरा जन्म घेतलात?” इंजिनिअर म्हणाला, आणि खोलीतले सगळे हसले.

त्याच बांधामागे नवी वस्ती उभी राहिली. आईचे गुडघे गेले होते, आमच्या जुन्या घराचे तीन जिने तिला चढवेनात. तिने त्या वस्तीत तळमजल्याची दोन खोल्यांची जागा बघितली. पुढे हातभर अंगण, मागे न्हाणीघर. मी ऑफिसच्या वसाहतीत, टेकडीवर राहत होतो. मी तिला सांगून पाहिलं. खरं काय ते नाही सांगितलं, नुसतं सांगून पाहिलं.

मामा आले ते घामाघूम होऊन. “ती जागा घेऊ नकोस.”

“का?”

“दमट आहे.”

“वरच्या मजल्यावर मी मरेन, दादा. आणि नदीचं म्हणशील, तर मी विचारून आलेय. पुस्तकात आहे म्हणाले, ही जमीन वर आहे. तपासलं कोणी म्हणून मीच विचारलं, तर तुझंच नाव सांगितलं.” आणि तिने माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. “माझ्या भावाने मोजलेली जागा आहे, आणि हाच मला भीती घालतोय!”

मामांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एक शब्द बोलले असते तरी ती थांबली असती. पण मग तिने का म्हणून विचारलं असतं, आणि आई काही मूग गिळून बसणारी नव्हती. ती तडक ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलावर हात आपटून आली असती आणि माझी नोकरी गेली असती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकत होतो. तेव्हा माझी बायको गरोदर होती, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय. मी म्हणालो, “मामा उगाच काळजी करतात.” मामा उठून बाहेर गेले.

चार वर्षं काही झालं नाही. चार वर्षं काही होत नाही तेव्हा माणूस आपल्या अपराधालाही सरावतो. मामा आठवड्यातून दोनदा आईकडे जायचे, बांधावर उभे राहून पाणी बघायचे आणि घरात येऊन तिला काही ना काही कारण काढून माझ्याकडे राहायला जा म्हणायचे. ती म्हणायची, “म्हातारा झालास, दादा.”

पाचव्या वर्षी पाणी आलं. सकाळचे दहा वाजले होते, मी ऑफिसात होतो. वस्तीला निरोप गेला होता की बांध पुरेसा आहे, घराबाहेर पडू नका. नदी बांधावरून साठ सेंटिमीटर वर चढून आत उतरली. बांध हवा तेवढा असता, तर वीतभर राखून पाणी अडलं असतं. ते मोजायला कुणा मोठ्या गणितज्ञाची गरज नाही. अकरा माणसं गेली. आई पलंगावर चढून उभी राहिली होती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. गुडघ्यांमुळे ती फार वेळ उभी राहू शकत नव्हती.

दोन महिन्यांनी चौकशी बसली. अधिकारी बाहेरचे होते. साहेब केव्हाच बढतीवर गेले होते. जबाब टाइप करायला माझी नेमणूक झाली. आमचं नातं अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते खाली माना घालून फायली चाळत राहिले. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो नाही.

मामा समोर बसले. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली.

“तपासणीचा हा शेरा तुमचा?”

“हो.”

“चूक तुमच्या लक्षात आली नव्हती?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाइपरायटरकडे पाहिलं. “नाही. अधिक की उणे, यात माझा घोळ झाला.”

“तुमच्यावर कुणाचा दबाव?”

“नाही.”

“काही देवाणघेवाण?”

“नाही.”

जातानाचा आणि येतानाचा हिशोब जुळेपर्यंत चालणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चुकलो म्हणून सांगितलं, आणि ते खोटं होतं. मी ते अक्षर न अक्षर टाइप केलं.

“आणखी काही सांगायचंय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“गेलेल्यांत माझी बहीण होती,” मामा म्हणाले. “तेवढं लिहा.”

मी तेही टाइप केलं होतं. अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याचा चौकशीशी संबंध नाही. ती ओळ काढा.”

मी कागद मागे सरकवला आणि त्या ओळीवर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फुल्या मारल्या.