मावशींच्या बाडीतली भाजी

शाळेत शिजवलेलं जेवण सुरू झालं तेव्हा तांदूळ सरकारकडून यायचा, भाजीचं मात्र आमचं आम्ही बघायचं होतं. धानाच्या मुलखातल्या गोरेगाव तालुक्यातली आमची दोन शिक्षकांची शाळा. मी वयानं मोठा, म्हणून मुख्याध्यापकाचं काम माझ्या गळ्यात. आठवडी बाजारातून मोटारसायकलला पिशव्या लटकवून भाजी आणायची तीही मीच. चौथ्या दिवशी ती मान टाकायची आणि मग पुढच्या बाजारापर्यंत आलू. पोरं आलूला कंटाळली होती. मी जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस आणि त्या पिशव्या, सगळ्यालाच कंटाळलो होतो.

शाळेच्या मागे दोन बांध ओलांडले की एका मावशींची बाडी होती. घरामागच्या कुंपण घातलेल्या भाजीच्या जागेला आमच्याकडे बाडी म्हणतात. पोवारांचं घर. धानाचं वावर मुलगा बघायचा, बाडी मावशींची. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. एका सकाळी मी फाटकाशी उभा राहून विचारलं, "मावशी, शाळेला भाजी द्याल का? रोज?"

"पोरं किती हायेत जी?"

"चौपन्न."

त्यांनी वळून वाफ्यांकडे पाहिलं. मनातल्या मनात काही हिशेब केला असावा. "देईन. पन जे निघन तेच देईन. तुमी वांगे मागसान अन् वांगे नसन, तं चिडू नोका."

दुसऱ्या दिवसापासून दहाच्या आत मावशी डोक्यावर टोपली घेऊन येऊ लागल्या. पावसाळ्यात चवळीच्या शेंगा, दोडके, अंबाडी. थंडीत वांगी, पालक, भेद्रे, म्हणजे टमाटे, आणि वर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. धान निघाल्यावर त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, लाखोरी हे कडधान्य उगवतं, त्याचे भाजीला कोवळे शेंडे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला टोपली दिली की त्या थोडा वेळ व्हरांड्यात टेकायच्या, पाढे ऐकायच्या आणि निघून जायच्या. दोन वर्षं असं चाललं. मला एवढंच कळत होतं की एक काम माझ्या डोक्यावरून उतरलं.

तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, जेवणाच्या सुट्टीनंतर तिसरीतली एक मुलगी वर्गात ओकली. मग तिच्या शेजारची. मग दुसरीतला एक मुलगा पोट धरून खाली बसला. अर्ध्या तासात अकरा पोरं ओकाऱ्या आणि जुलाबांनी गळून गेली. माझ्या सहकाऱ्यानं ट्रॅक्टर आणला. पोरांना ट्रॉलीत घालून आम्ही गोरेगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत एका मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती सारखी पाणी मागत होती, आणि दिलेलं पाणी पोटात टिकत नव्हतं.

पाठोपाठ आईबाप पोहोचले. कुणी रडत होतं, कुणी माझ्या अंगावर येत होतं. एका बापानं माझी कॉलर धरली नाही, पण हात तिथपर्यंत आला होता. "गुरुजी, आज भाजी कोनाची होती?"

मी म्हणालो, "मावशींच्या बाडीतली."

खरंच होतं ते. पण मी ते ज्या घाईनं बोललो ती घाई मला अजून आठवते. माझ्याकडे वळलेल्या सगळ्या नजरा दुसरीकडे जाव्यात, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. आणि त्या गेल्या. दोन माणसं मोटारसायकलवर बसून तशीच गावाकडे निघाली.

सलाइन लागल्यावर पोरं जरा शांत झाली. डॉक्टर एकेकाजवळ जाऊन विचारत होते. ज्या मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं तिच्या फ्रॉकच्या खिशात त्यांना काळ्या, लांबट बिया सापडल्या. "ह्या कुठून आणल्या?"

"कुंपनातून. शेंगदान्यासारख्या लागतात जी."

चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, विषारी बिया होत्या. कुठल्याशा योजनेत रोपं आली होती, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून मीच मुलांना घेऊन ती शाळेच्या कडेनं लावली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच भरपूर फळं धरली होती. जेवणानंतर त्या अकरा जणांनी फोडून वाटून खाल्ल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पोरं सकाळपर्यंत बरी होतील. तशी ती झालीही.

पण दिवस मावळायच्या आत गावात बाडी तुडवून झाली होती. मावशींनी फवारा मारलेली भाजी शाळेत दिली, अशी बातमी माझ्या आधी पोहोचली होती.

सकाळी मी गेलो. वांग्याची निम्मी झाडं उपटून फेकलेली होती. भेद्र्यांचे मांडव आडवे पडले होते. मावशी खाली बसून, ज्यांची मुळं शाबूत होती ती झाडं परत मातीत लावत होत्या. मी बियांचं सांगितलं. पोरं बरी आहेत, हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"पोरं बरी हायेत ना? मंग झालं." एका झाडाभोवतीची माती दाबत म्हणाल्या, "तुमी माहं नाव कायले सांगतलं जी?"

"लोकांनी विचारलं, भाजी कोणाची..."

"भाजी माहीच होती. पन तेच भाजी चौपन पोरायनं खाल्ली. अकराच कशी बिमार पडली? हे तुमच्या ध्यानात काऊन नाई आलं?"

वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला ते सुचलं नव्हतं. मी खाली बसून एक झाड उचललं. त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुमाले जमत नाई." मग मी उठून शाळेत गेलो.

पुढचे रविवार मी शाळेचं चंद्रज्योतीचं कुंपण उपटण्यात घालवले. बियांचं गावात कळल्यावर बाडी तुडवणाऱ्यांना सरपंचांनी बोलावलं, चहा झाला, "झालं गेलं, जाऊ द्या" झालं. मावशींना त्या चहाला कुणी बोलावलं नव्हतं. शाळेत पुन्हा आलू शिजू लागले.

दीड महिन्यानं स्वयंपाकाच्या बाईकडे निरोप आला, "लाखोरी आली म्हना. गुरुजीले धाडजो." मी गेलो. मावशींनी माझ्या हातात रिकामी टोपली दिली.

"मी शाळेत येनार नाई आता. तुमीच या, अन् तुमीच तोडा. पुढं कोनी इचारलं भाजी कोनाची, तं सांगजा, म्या तोडली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी वाकून शेंडे खुडायला लागलो. चौपन्न पोरांपुरती लाखोरी खुडायला मला पाऊण तास लागला. त्या बांधावर बसून होत्या. "मुळासकट ओढू नोका," एवढंच दोनदा म्हणाल्या.

त्यानंतर पाच वर्षं रोज सकाळी नवाच्या आत मी त्या बाडीत असायचो. नखांत हिरवं साचायचं, ते फळ्यावर लिहिताना दिसायचं. कंबर धरायची. पावसाळ्यात पायाला चिखल्या व्हायच्या. कधी वाटायचं, निरोप पाठवावा की आज बाजारातूनच आणतो. एक-दोनदा पाठवलाही. त्या दिवशी पोरं ताटातली भाजी बाजूला सारायची, आणि दुसऱ्या दिवशी मी परत टोपली घेऊन उभा. आम्ही फारसं बोलत नसू. मी त्यांची माफी मागितली होती का? शब्दांत नाही. रोज उद्यावर गेलं.

माझी बदली सालेकशाकडे झाली, त्या वर्षी मावशींचे गुडघे पार गेले होते. निम्म्या बाडीत सुनेनं गायीसाठी गवत लावलं होतं. मी सांगायला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. "नवे गुरुजी येतीन का तोडाले?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगून बघतो. आम्हा दोघांनाही माहीत होतं की कुणी येणार नाही. सुनेनं चहा आणला. तो पिऊन मी निघालो.

नव्या शाळेत भाजी बाजारातूनच यायची. आजूबाजूला बाड्या होत्या, मी कुणाच्या फाटकाशी गेलो नाही. दोनेक वर्षांनी एका प्रशिक्षणात एक तरुण साहेब उत्साहानं सांगत होते, गावातल्या शेतकऱ्यांकडून थेट भाजी घ्या, ताजी मिळते, मुलं आवडीनं खातात. "कुणाला असा अनुभव आहे का?" त्यांनी विचारलं. माझ्या शेजारच्या शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं, कारण मी बहुधा काहीतरी पुटपुटलो होतो. पण मी हात वर केला नाही. पंख्याखाली डोळे जड झाले होते, आणि जेवणाला अजून तासभर अवकाश होता.