नवागामची गिरकी

आमच्या नवागामात धनश्रीचं घर विचाराल तर लोक म्हणतात, "ती चाकांवर नाचणारी का?" नाचणारी! पोरगी आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये पाच वर्षं राज्यात पहिली, दोनदा देशात पहिली, आणि आमच्या लोकांच्या लेखी नाचणारी. मी तिचा चौथीचा मास्तर, मराठी शाळेतून निवृत्त झालेला. या एका शब्दावरून मी अर्ध्या गल्लीशी बोलणं टाकलंय.

तिचे वडील सुकलाल कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभे असतात, कान निम्मे गेलेत. त्यांनीच ती आठ वर्षांची असताना शनिवारी बाजारातून जुन्या स्केट्स आणल्या. एक चाक सारखं अडायचं. कापडाचे ताके उचलून नेले की गोदामाची फरशी मोकळी व्हायची, तिथे ही पडायची, उठायची, पुन्हा पडायची. पुढे स्केटिंग शिकवणाऱ्या भूपेंद्र सरांनी तिला हेरलं आणि तापीपलीकडच्या रिंकवर नेलं. दोन बस बदलून जायची. एका पायावर गिरकी घेताना तिचा चेहराच दिसेनासा व्हायचा. मला भीती वाटायची आणि डोळेही भरून यायचे.

गेल्या वर्षी बेंगळुरूला भारताच्या संघाची निवड होती. आधी दोनदा तिची संधी हुकलेली, एकदा तापामुळे, एकदा पासपोर्ट वेळेत आला नाही म्हणून. ती एकोणीसची झाली होती, घरात स्थळं येत होती. सुकलालनी सांगून टाकलं होतं, "संघात आली तर खेळ. नाहीतर बस झालं." पोरीची झोप उडाली होती.

निवडीसाठी चमकता ड्रेस हवा होता. सरांनी एक दुकान सांगितलं, तर मी मध्ये तोंड घातलं. तिची आई प्रमिलाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात. मी म्हणालो, "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?" मोठा शहाणा ना मी!

प्रमिलाबाईंनी चार दिवस साड्यांचं काम बाजूला ठेवलं. निळ्या ड्रेसवर गोंदाचा ठिपका, त्यावर खडा, असे शेकडो खडे लावले. सरांनी विचारलं, "बेन, ये कपडा खिंचता है. निकलेगा तो नहीं?"

बाई दुखावल्याच. खडा निघाला म्हणून त्यांची एकही साडी कधी परत आली नव्हती. "पंधरा वरीस व्हयनात, मनी एक साडी परत उनी नही."

साडी ताणली जात नाही, हे बाईंच्या आणि माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्या आलं होतं, पण आईच्या तोंडावर किती बोलणार?

बेंगळुरूला सोबत मी गेलो. पहिल्या दोन उड्या अशा झाल्या की शेजारचा पंजाबी गृहस्थ उठून उभा राहिला. मग तिने गिरकीसाठी हात पसरले, खांद्यावर कापड ताणलं गेलं आणि काहीतरी लकाकत खाली पडलं. दिव्याची चमक असेल असं मला वाटलं. पुढच्याच क्षणी चाक अडलं आणि ती गुडघ्यावर आपटली. दोनदा उठली, दोनदा पडली. गाणं आपलं चालूच. मी काय ओरडत होतो ते मलाच ठाऊक नाही.

दवाखान्यात तिने मूठ उघडली. आत निळा खडा. "मास्तर, मायला सांगू नका. शपथ घ्या."

घेतली. दुसरं काय करणार होतो? ड्रेस तिने लॉजवरच सोडला आणि घरी सांगितलं, हरवला.

"काय व्हयनं व?" प्रमिलाबाईंनी दारातच विचारलं.

"मना पाय सटकना, माय."

बाई तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडल्या. मी भिंतीकडे बघत बसलो. मास्तरकीत एवढं मोठं खोटं मी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. चालता येईल, पण उड्या आणि गिरक्या विसरा, असं डॉक्टर म्हणाले. संघात दुसरी गेली. स्थळंही आटली. आता धनश्री सरांच्या वर्गात लहान मुलांचे हात धरून त्यांना उभं राहायला शिकवते. ती रडत नाही. मला तेच सोसत नाही.

महिनाभराने प्रमिलाबाई म्हणाल्या, मीही येते रिंकवर. तेव्हापासून रोज येतात. वर्ग सुरू व्हायच्या आधी पदर खोचून उकिडव्या बसतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहाताने फरशी चाचपत जातात. मोटारीतून येणाऱ्या मुलांच्या आयांना वाटतं, ही सफाईवाली. एकीने परवा सांगितलं, "मावशी, उधर भी कर दो." मला तिचा गळा धरावासा वाटला. प्रमिलाबाई मुकाट्याने तिकडे सरकल्या.

धनश्री लंगडत गेली आणि दुखरा पाय लांब करून आईशेजारी बसली. "माय, आठे फरशीवर काहीच नही शे. ऊठ."

बाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"खडा एकच व्हता ना व?"

मी शपथ मोडली नव्हती, बाईंनी आपणच ओळखलं होतं. धनश्रीने आईच्या तळहाताची धूळ पुसली. मग म्हणाली, "हा माय. एकच व्हता."