शोकसभेच्या दुपारी

दुपारी जेवण झाल्यावर निशिगंधा हॉस्टेलच्या खोलीत आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात उमरेडकर मॅडमची शोकसभा आहे आणि मुलींच्या वतीने चार शब्द तिलाच बोलायचे आहेत. "मॅडमची लाडकी तूच ना," असं प्राचार्य म्हणाले, तेव्हा तिच्या तोंडून नकार निघाला नाही. रूममेट आफरीन खिडकीत केस वाळवत बसली आहे. पंखा करकरतो आहे. निशिगंधा मनात वाक्य जुळवते, 'मॅडम आम्हाला आईसारख्या...' आणि तिथेच अडकते. डोळे जड होतात. पंख्याची करकर लांब लांब जाते आणि तिच्या जागी मटाराच्या शेंगा फुटल्याचा बारीक आवाज यायला लागतो.

मेसच्या लांब टेबलाशी उमरेडकर मॅडम शेंगा सोलत बसल्या आहेत. त्या या हॉस्टेलच्या रेक्टर होत्या आणि गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेल्या, हे निशिगंधाला इथेही ठाऊक आहे. तरी ती समोर जाऊन बसते.

"जेवलीस का बेटा?"

"जेवले."

तिचे हात आपोआप शेंगांकडे जातात. टायफॉइड झाला तेव्हा याच मॅडमनी तिला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं होतं, मांडीवर डोकं घेऊन पेज भरवली होती. म्हणून तर गॅदरिंगच्या तालमीच्या दिवशी ती घरी फोन न करता धावत मॅडमकडेच गेली. स्टेजमागच्या सामानाच्या खोलीत तिच्याबरोबर तालमीला असलेल्या सौमित्रने आतून कडी लावली होती. ती नको नको म्हणत राहिली, त्याने ऐकलं नाही. एवढं तिने फक्त मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "मी आहे ना. समितीपुढे आपण दोघी जाऊ."

"मॅडम, तुम्ही आलाच नाहीत."

मॅडम सोलत राहतात. टेबलावर आता हिरवं कापड आहे, पाण्याचे ग्लास, बिस्किटांची बशी. पलीकडे तक्रार समितीचे लोक बसले आहेत. चेहरे धुरकट, आवाज मात्र स्पष्ट.

"तालमीला तू त्याच्याच गाडीवर आली होतीस ना?" एक बाई अगदी मायेने विचारतात.

"आधी कुणाला सांगितलं होतंस?"

"रेक्टर मॅडमना. त्याच दिवशी."

"त्या तर म्हणतात, त्यांच्या कानावर काहीच आलं नाही."

निशिगंधा वळते. मॅडम तिच्या अगदी शेजारी आहेत, पदराला हात पुसताहेत. समितीच्या खऱ्या बैठकीत ती खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, सांगा ना यांना."

"मटार काय कोवळे आहेत गं यंदा."

हिरवं कापड हळूहळू चादर होतं. ती मॅडमच्या क्वार्टरमधल्या पलंगावर आहे, अंगात ताप आहे, आणि मॅडम वाटीतली पेज ढवळताहेत.

"का केलंत असं?"

"संस्थेच्या सचिवांनी बोलावून घेतलं मला. त्यांचाच पुतण्या तो सौमित्र. म्हणाले, कॉलेजची तपासणी तोंडावर आहे, आणि तुमचं क्वार्टरही संस्थेचंच आहे." मॅडम पेजेवर फुंकर घालतात. "आणि तुझ्या बाबांना कळलं असतं तर? दुसऱ्या दिवशी सामान बांधून नेलं असतं तुला. उन्हाळ्यात लग्न. तुझं शिक्षण वाचवलं मी."

"तुम्ही क्वार्टर वाचवलंत."

"तोंड उघड बेटा."

आणि ती उघडते! याचाच तिला संताप येतो. पेज गार आहे.

"मॅडम, माझ्याआधी कुणी आली होती तुमच्याकडे? त्याचं नाव घेऊन?"

चमचा हवेतच थांबतो. मॅडम खिडकीबाहेर बघतात. बाहेर सभागृहाचं स्टेज आहे, फुलांच्या हारात त्यांचाच फोटो.

"येतात मुली," त्या सावकाश म्हणतात. "रडतात. डोळे पुसून जातात. पुढच्या वर्षी गॅदरिंगमध्ये नाचतातसुद्धा."

"कोण? कोण कोण?"

"आज माझ्याबद्दल चांगलंच बोलशील ना गं?"

मॅडम उठतात. निशिगंधा त्यांचं मनगट पकडते, जीव खाऊन आवळते, आणि ओरडते.

"अगं सोड! हात तुटेल माझा!"

पंखा करकरतो आहे. तिच्या मुठीत आफरीनचं मनगट आहे. आफरीनचे ओले केस तिच्या तोंडावर आले आहेत. निशिगंधा मूठ सोडते. आफरीनच्या गोऱ्या मनगटावर चार बोटं लालभडक उमटली आहेत.

"केवढ्यांदा ओरडलीस," आफरीन म्हणते. "सौमित्रचं नाव घेत होतीस. पलीकडच्या मुली दाराशी येऊन गेल्या."

"काय ऐकलं त्यांनी?" घसा पार बसला आहे. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नाही.

"मी ऐकलं ते सगळं."

आफरीन दार लोटून येते आणि पलंगाच्या कडेला बसते. सभागृहाकडून माईक तपासल्याचा आवाज येतो.

"तब्येत बरी नाही म्हणून कळवू का? दुसरं कुणी बोलेल."

"नको. मी बोलणार." निशिगंधा उठून बसते. "पण आधी तुला सगळं सांगते. मध्ये मी थांबले तरी उठू नकोस."

आफरीन तोच लाल झालेला हात पुन्हा तिच्यापुढे धरते.