चार गड आणि डोक्यावरची पाटी

आमच्या लोहगडवाडीत गडावर रिकाम्या हातानं कुणी जात नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत लिंबं, काकड्या, पाण्याच्या बाटल्या. पाहुणा आला आणि गड बघायचाय म्हणाला तरी त्याच्या हातात आम्ही पाण्याचा कॅन देतो. बघ म्हणावं गड, पण कॅन घेऊन बघ! लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या डोक्यावर पाटी ठेवली, ती अजून उतरली नाही. अर्ध्या पायऱ्या चढलं की सावलीची एक जागा लागते, तिथं माझं लिंबू सरबताचं दुकान आहे. दुकान कसलं, चार बांबू आणि एक ताडपत्री. पण माझं आहे.

तर हे दुकान बंद करायचं आमच्या ह्यांनी ठरवलं. मला न विचारता.

"तुजं गुडगं गेलं आता," हे एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले. "खाली पार्किंगला टपरी टाकू. दोगं बी तितंच बसू."

"माजं गुडगं? कुनी सांगितलं तुमाला?"

"वय झालं की. किती दिस चढनार?"

अहो, मला असं म्हणणारा हा माणूस स्वतः दोन वर्षांत गडावर आला नव्हता. आधी आम्ही दोघंही माल वर न्यायचो. मग पार्किंगला गाड्या लावून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि वरचं सगळं माझ्यावर पडलं. खुर्चीत बसायचं यांनी आणि म्हातारी मी! माझं डोकंच फिरलं.

नेमकी तेव्हाच पुण्याची ताई दारात उभी होती. दर रविवारी गड चढायला यायची, माझ्याकडं दोन ग्लास सरबत प्यायची. विसापूर, लोहगड, तिकोना आणि तुंग, चारही गड एका दिवसात चालत करायचे असं तिच्या मनात होतं आणि सोबत मिळत नव्हती. मी ह्यांच्या तोंडावर सांगितलं, "मी जाते हिच्यासंगं. दिस मावळायच्या आत चारी गड करते. केलं, तर दुकान हाय तितंच ऱ्हाईल, परत त्याचं नाव काडायचं न्हाई."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर तुमच्या टपरीत येऊन बसंन. मुकाट."

"तू आन् मुकाट!" हे एवढे हसले की चहाचा ठसका लागला.

बोलून तर बसले. आता विसापूर समोरच, लोहगड घरचा. पण तिकोना आणि तुंग मी जन्मभर लांबूनच पाहिलेले. पवनेच्या पाण्यापलीकडं तो टोकदार तुंग रोज दिसायचा, पाय कधी लावला नव्हता. ताईनं पौषातला एक रविवार धरला, हातात सहा आठवडे होते.

ताईनं कागदावर तक्ता करून दिला. कुठल्या वारी किती चालायचं, काय खायचं, कधी झोपायचं. बूट आणून दिले. आणि बजावून सांगितलं, "मावशी, एकदम हलकं चालायचं. अंगावर काही नको." शिकलेली पोरगी, म्हटलं तिला कळत असेल. दुकान उघडायच्या आधी रोज दुधिवरे खिंडीपर्यंत जाऊन यायचे, एक दिवसाआड विसापूर. पण डोक्यावर काही नाही तर मान कुठं ठेवावी ते कळेना. हात नुसते लोंबायचे. चढताना तर पाय असे पळायचे की दम लागून मधेच बसावं लागायचं. वाडीतल्या बाया विचारायच्या, "काय गं, रिकामीच कुटं निगालीस? भांडून माह्यारी चाललीस का?"

चौथ्या आठवड्यात विसापूर उतरताना पाय सटकला. तीन पायऱ्या बसल्या बसल्या खाली आले. गुडघा टम्म फुगला.

 ह्यांनी हळद गरम करून लेप लावला. कुठं दुखतंय ते विचारलंसुद्धा नाही, बोट बरोबर कळेच्या जागी ठेवलं. मग हळूच म्हणाले, "जाऊ दे की आता." ते ओरडले असते तर मी उलटून बोलले असते. त्या हळू बोलण्यानं मला रडूच आलं. दुकान गेलं, असंच वाटलं त्या दिवशी.

पाच दिवस घरात बसून होते. बसून एकच विचार, मी पडले कशी? त्याच वाटेनं इतकी वर्षं ओझं घेऊन आले-गेले, काकडीसुद्धा कधी सांडली नाही. आणि मग लक्षात आलं. ओझं असलं की पाऊल लहान पडतं, मान ताठ राहते, पायरी चुकवून धावता येत नाही. माझे पाय पाटीखाली चालायला शिकले होते आणि मी पाटीच काढून ठेवली होती! हात दाखवून अवलक्षण ते हेच.

सहाव्या दिवशी चुंबळ डोक्यावर आली. पाटीत चार बाटल्या पाणी, भाकरी, ठेचा, काकड्या. विसापूर चढून उतरले, एकदाही बसले नाही. ताईनं कपाळावर हात मारला. "अहो मावशी, लोक वजन कमी करतात, तुम्ही वाढवताय!"

"तुजी पाठ तुला, माजी मान मला," मी म्हटलं. "चल गुमान."

पौषातल्या त्या रविवारी फटफटायच्या वेळी निघालो. विसापूरवर उन्हं आली तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. लोहगड चढताना माझ्या बंद दुकानाच्या बांबूवर थाप मारली, म्हटलं थांब, येते. तिकोन्याच्या उभ्या पायऱ्यांवर एक हात साखळीला, एक हात पाटीला. वरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. खरा जीव काढला तो धरणाकाठच्या डांबरी रस्त्यानं. ताईच्या बाटल्या संपल्या, तोंड सुकलं, आणि मग माझ्या पाटीतलं पाणी तिला गोड लागलं. एका शब्दानं टोमणा मारला नाही मी. नंतर मारला.

तुंगवाडीत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. पायथ्याला आमची मोटारसायकल उभी! हे आले होते. मी तशीच चढायला लागले. अर्ध्यावर, एका दगडावर, हे बसलेले. घामानं भिजलेले, दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरलेला.

"काय झालं वो?"

खाली बघून म्हणाले, "दोन वर्सं झाली. कॅन उचलला की कळ येती. आज म्हटलं, तू वर येशील तवा मी तितं आसावं. पन न्हाई जमलं."

लेप बरोबर जागी कसा पडला ते मला तेव्हा कळलं.

"मग माज्या गुडग्याचं नाव कशाला घेतलं?"

"मी खाली आन् तू वर वझं वाहतीस. लाज वाटती गं मला."

इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींचं काय करावं सुचेना. पाटीतली शेवटची बाटली त्यांच्या हातात दिली. "हितंच बसा. हलू नका. मी जिंकून येते."

तुंगाच्या माथ्यावर देवीच्या पुढं डोकं टेकलं तेव्हा सूर्य डोंगरावर चांगला दोन हात होता. चारी गड! पाण्यापलीकडं माझा लोहगड दिसत होता आणि मी त्याच्याकडं बघून अशी आरोळी दिली की ताई दचकली. मग तीही ओरडायला लागली.

उतरून आले तर हे म्हणाले, "हारलो बाबा. दुकान तुजं."

"दुकान दोगांचं. मी वर, तुमी खाली. आन् उद्या लोणावळ्याला डाक्टरकडं जायचं. मुकाट."

पाटी आता रिकामी होती. ती ताईकडं दिली, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि त्यांचा सगळा भार अंगावर घेऊन उतरायला लागले. पाऊल लहान पडत होतं. त्या घसाऱ्यावर माझा पाय एकदाही सटकला नाही.