मला गणित येतं, ही अफवा

मला गणित येतं, अशी अफवा आमच्या इमारतीत पसरली, तिच्यामागे कुणाचा हात नव्हता. माझा चेहरा पुरला.

दुबईतल्या आमच्या अल बर्शा भागात तेव्हा अर्धी वाळू होती आणि अर्ध्या क्रेन. खालच्या मजल्यावर एक इंग्रज कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, फक्त शाळा महागडी. एकदा लिफ्टमध्ये तिच्या आईने माझ्या आईला विचारलं, "तुमची मुलगी आमच्या मुलीला गणित शिकवेल का? तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ना ते!"

माझ्या रक्तात काय होतं ते सहामाहीच्या निकालात आलेलंच होतं. गणितात मी नापास. आईला हे चांगलं ठाऊक होतं, आठवडाभर तिने माझ्याशी फक्त जेवणापुरता संबंध ठेवला होता. तरी ती म्हणाली, "शुअर, शुअर! व्हाय नॉट?"

घरात शिरताच मी ओरडले, "मम्मी, आय फेल्ड!"

"गप्प बस. कधी नव्हे ते एक गोरी बाई आपल्याकडे काही मागतेय. तू नाक कापू नकोस."

बाबांना तर आपण ऑलिंपिकला निवडले गेलो असं वाटलं. त्यांचा मॅनेजर गोरा होता, त्यांच्याहून लहान आणि कॉलेज अर्धवट सोडलेला. त्याच्याकडे रजेच्या अर्जावर सही मागताना बाबांनी एक सिद्धांत बनवला होता : "गोऱ्याला चेहरा पुरतो. आपल्याला डिग्री लागते, आणि एका डिग्रीने भागत नाही." म्हणून मी इंजिनीअर व्हायचं. मला शाळेच्या नाटकात काम करायचं होतं, पण "नाटकं त्यांना परवडतात" एवढं म्हणून बाबांनी तो विषय खलास केला होता.

पहिल्याच दिवशी मी त्या मुलीच्या खोलीचं दार लावलं आणि सांगून टाकलं, "मला गणित येत नाही."

ती म्हणाली, "मला येतं."

"मग शिकवणी कशाला?"

"मम्मीला पटत नाही. मागे एकदा मला चांगले मार्क पडले, तर तिने शाळेत फोन करून विचारलं, चुकून दुसऱ्या कुणाचा पेपर तर नाही ना. म्हणते, आकडे इंडियन मुलांसाठी, त्यांच्याशी कुठे स्पर्धा करतेस? तू नाटकात लक्ष घाल." एवढं बोलून तिने खाली मान घातली. "आणि स्टेजवर माझे पाय लटपटतात."

माझ्या घरी जे बंद होतं ते हिच्यावर लादलं होतं, आणि हिला जे हवं होतं ते माझ्या मानगुटीवर बसलं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची आई दारावर टकटक करून विचारू लागली, "गणित इतकं मजेचं असतं?"

मग तिनेच मला बीजगणित शिकवलं. चांगली शिकवायची. मी चुकले की "तुझं रक्त कुठे गेलं?" असं विचारायची. त्या बदल्यात मी तिच्या नाटकातली बाकीची सगळी पात्रं व्हायचे, म्हातारा, पोलीस, घोडासुद्धा. घोड्यासमोर तिची भीड चेपली.

वार्षिक परीक्षेत मी पास झाले, तेही बऱ्यापैकी. ती वर्गात पहिली आली. तिच्या आईने मला आणि माझ्या आईला चहाला बोलावलं, चॉकलेटचा मोठा डबा माझ्या हातात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "हे सगळं तुझ्यामुळे!"

मी म्हणाले, "नाही हो, तीच मला शिकवत होती."

"किती विनयशील!" बाई माझ्या आईला म्हणाल्या. "तुमची मुलं अशीच असतात."

आईने टेबलाखाली मला चिमटा काढला.

"मम्मी, खरंच सांगतेय ती," मुलगी म्हणाली.

"आणि तू किती मोठ्या मनाची!" तिच्या आईने तिचा गालगुच्चा घेतला.

मुलगी उठून खोलीत गेली. मी मागोमाग गेले तर पलंगावर पालथी पडून रडत होती. "पहिली मी आले," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तरी ते तुझंच." मार्क कमी पडले म्हणून रडणं मला तोंडपाठ होतं. मार्क मिळूनही कुणी रडतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी हातातला डबा फोडला. आम्ही तो तिथेच संपवला, आयांसाठी एकही न ठेवता.

वर येताना आई जिन्यात म्हणाली, "बघ, गोऱ्या लोकांत ऊठबस केली तर तुझंही डोकं चाललं."

पुढच्या वर्षी ते कुटुंब इंग्लंडला परत गेलं. मुलीने पुढे गणितच घेतलं, आईशी भांडून. मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला नाही, मिळाला असता तर पुलांचं काही खरं नव्हतं. मी पुण्यात येऊन मास कम्युनिकेशन केलं आणि पहिल्याच वर्षी नाटकात घुसले. बाबा महिनाभर फोनवर फक्त हवामान विचारत होते. नंतर त्यांनी तोडगा काढला. दुबईत कुणी विचारलं की ऐटीत सांगायचे, "मुलगी कम्युनिकेशनमध्ये आहे." समोरचा म्हणायचा, "वा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन का?" बाबा चहाचा घोट घ्यायचे आणि गप्प राहायचे.