लता सिस्टरचा निळा पंप

आगरदांड्याच्या जेटीजवळच्या दवाखान्यात दम्याचा नवा पेशंट आला की लता सिस्टर बाकड्यावर बसलेल्या चार बायकांना उभं करायच्या. पहिलीच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणायच्या, "तुला कोळंबीची वाफ लागली. आता दुसरीला सांग." दुसरीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला निरोप द्यायचा. चौथीनं ओंजळीतली औषधाच्या बाटल्यांची झाकणं जमिनीवर सांडायची.

"बघितलंत? आपल्या अंगातल्या पेशी अशाच एकमेकींना निरोप देतात. वैरी कुणी नसतोच, साधी कोळंबी असते. पण निरोप फिरला की शेवटची आपली पोतडी रिकामी करते आणि श्वासाची नळी सुजते."

समोरच माझं मेडिकल असल्यामुळे हा खेळ मी वर्षानुवर्षं काउंटरवरून पाहिला. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना डॉक्टरांचं बोलणं कळायचं नाही, सिस्टरांचं कळायचं.

"सिस्टर, निळ्या पंपानं लगेच बरा वाटतंय," एकदा एक बाई हातातला इनहेलर दाखवत म्हणाली. "मंग रोजचा पंप कशाला?"

"निळा नुसती नळी उघडतो. आत निरोप चालूच राहतात. ते गप्प करायला रोजचा पंप. बरं वाटणं निराळं, बरं होणं निराळं."

त्या बाईनं तरीही रोजचा पंप सोडला. सिस्टर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिनं पंप ओढल्यावरच परतल्या. डबा तसाच राहिला.

राहायला त्या दिघीला. रोज बोटीनं खाडी ओलांडून यायच्या. संध्याकाळी परतताना कधीकधी माझ्याकडून निळा पंप घ्यायच्या. "शेजारणीला हवाय," म्हणायच्या. आधी दोन-तीन महिन्यांनी एक, मग दर महिन्याला. शेवटच्या महिन्यात तीन नेले. मी दिले.

त्या सकाळी बोट धक्क्याला लागली आणि दोन खलाशी सिस्टरांना धरून उतरवताना दिसले. ओठ काळेनिळे झाले होते. मुठीत निळा पंप. डोळे माझ्याकडे वळले, पण शब्द फुटेना. मी जागच्या जागी उभा राहिलो. सिस्टरांना दमा आहे हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, अँब्युलन्स बोलावली. अलिबाग गाठायच्या आत त्या गेल्या.

दहाव्यानंतर त्यांचे यजमान सदाभाऊ दुकानात आले. त्यांनी पिशवीतून रोजच्या पंपाचे चार खोके काउंटरवर ठेवले. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"पनवेलच्या डॉक्टरनं लिहून दिलं व्हतं. मी आठवण केली की म्हणायची, मला कुठं एवढा त्रास हाय."

मी विचारलं, "आणि शेजारणीसाठी न्यायच्या ते निळे?"

"आमच्या शेजारी कोण हाय? घर बंद हाय त्यांचं. सगळी मुंबईला."

मी स्टूल ओढून बसलो. सदाभाऊंनी ते खोके एकावर एक रचले.

"मी कधी जोर केला न्हाय," ते म्हणाले. "वाटलं, सिस्टर हाय ती. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतंय."

तीन-तीन निळे पंप देताना मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी काही विचारलं नव्हतं. ते त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना.