पाठमोरे अण्णा

आमच्या वडगावच्या शाळेचे हेडमास्तर अण्णा ज्या मास्तरांचा तास बघायला यायचे, त्यांच्याकडे ते कधीच बघायचे नाहीत. वर्गात शिरायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे, टेबलाच्या पायाला पाठ टेकून जमिनीवर बसायचे आणि तासभर पोरांची तोंडं बघत राहायचे. मास्तरांना दिसायची ती नुसती त्यांची पाठ. म्हणून नाव पडलं पाठमोरे अण्णा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मास्तर काय बोलतोय ते कानाला कळतंय की. पोरांच्यात काय शिरतंय ते बघायला डोळं लागत्यात."

अण्णांचं शिक्षण मराठी फायनलपर्यंत, म्हणजे सातवी. मी बी.ए. येळ्ळूरच्या शेतकरी घरातला पहिला. ही गोष्ट तेव्हा मी कुणाला विसरू देत नसे, आणि खरं सांगायचं तर आजही देत नाही. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. नव्यानं उघडलेल्या इंग्रजी वर्गावर माझी नेमणूक झाली, आणि हा फायनलवाला आपला तास बघणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

पहिल्या तासाला मी घसा बसेपर्यंत बोललो. सुट्टीत अण्णांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. भाकरी आधी, बोलणं मागनं, हा त्यांचा नेम. मग विचारलं, "बीए, खिडकीजवळचा बाळू जांभया कवापास्नं द्यायला लागला?"

"माझं लक्ष नव्हतं."

"मग कुणाकडं व्हतं?"

बस्स. आणखी दहा चुका त्यांना दिसल्या असणार, पण एका भाकरीला एकच चूक. ती सुधारेपर्यंत दुसरीचं नाव नाही. मी मनातून चिडलो, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळूकडे बघून शिकवू लागलो.

त्याच वर्षी कुंभार मास्तरांवर वेळ आली. मराठी तिसरीला गणित शिकवून त्यांचे केस पिकलेले. पण शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांनी लागोपाठ दोनदा वाईट शेरा मारला होता. तिसऱ्यांदा तसंच झालं तर घरी बसायचं, असं शाळेच्या कमिटीनं तोंडावर सांगितलेलं. त्यांचा तास बघून सुधारायला अण्णांनी त्यांना माझ्या हवाली केलं. चला, बी.ए.ची किंमत कळली एकदाची, असं मला वाटलं.

मी जाऊन बसलो. कुंभार मास्तर फळ्याकडे तोंड करून फळ्याशीच बोलत होते, आणि मांडलेलं गणित त्यांच्या पाठीआड. मी पाच मिनिटं कळ सोसली. मग उठलो, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि भागाकार असा रंगवला की पोरं खूश. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात गेले, तर पोरं त्यांनाच विचारतात, "ते येळ्ळूरचं मास्तर येणार न्हाईत व्हय?"

मी हे अण्णांना फुशारकीनं सांगितलं. त्यांनी डबा उघडलाच नाही. मला दंडाला धरून शाळेमागच्या विणकराच्या घरी नेलं. तिथं नवी सून खड्डामागावर बसली होती. धागा तुटला. तिची बोटं अडखळायला लागली. मागे सासू उभी. हात शिवशिवत होते, म्हणून तिनं ते पदरात गुंडाळून घेतले होते. बऱ्याच वेळानं सुनेनं स्वतःच धागा सांधला. धोटा पुन्हा धावायला लागला.

"मागावर जागा एकाचीच आसती," बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. "सुनेला उठवून सासू बसली आसती तर लुगडं झालं आसतं. विणकरीण न्हाय. तू कुंभाराला उठीवलंस रं. त्ये बी पोरांदेखत."

कॉलेजात चार वर्षांत मला कुणी एवढं बोललं नव्हतं. मी तसाच कुंभार मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "चुकलं माझं. आता आधी तुम्ही माझा तास बघा." ते आले, अण्णांसारखे पाठमोरे बसले, आणि तास संपल्यावर चाचरत म्हणाले, "राग मानू नगा सर, पर तुमी सवाल इचारताय आन् जबाब बी तुमीच देताय." अगदी खरं होतं. मग मी त्यांच्या वर्गात पाठमोरा बसलो. नंतर भाकरी मोडून दिली आणि विचारलं, "पुढच्या रांगेतली गंगू कुठं अडली, मास्तर?"

"थांबा, फळ्याला इचारून येतो," म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. त्यानंतर रोज थोडे थोडे ते फळ्याकडून पोरांकडे वळत गेले.

दिपोटी कुंभार मास्तरांच्या वर्गात आले. मी दाराशी उभा. साहेब टेबलामागे खुर्चीत, आणि अण्णा नेहमीच्या जागी, म्हणजे साहेबांकडेच पाठ करून! कमिटीला घाम फुटला. साहेबांनी गंगूला फळ्याशी बोलावलं, भागाकार घातला. ती अर्ध्यात अडली. साहेब उठले आणि खडूसाठी हात पुढे केला.

"जरा दमा साहेब," साहेबांपुढे ज्यांची जीभ उचलत नसे ते कुंभार मास्तर म्हणाले, "करंल ती."

मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा गंगू एक आकडा पुसत होती. तिनं नवा मांडला आणि बाकी शून्य आणली. साहेब हात मागे घेऊन खाली बसले. शेरा आला, 'मास्तर घाई करत नाहीत.' कुंभार मास्तरांची नोकरी राहिली.

पुढे अण्णा निवृत्त झाले, संकेश्वरला लेकीकडे जायला निघाले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना हार घालून समोर बसवलं. बोलायला उभे राहिले, आणि शब्दच फुटेना. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मला राहवेना. चार चांगली वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मी उठलो, तोच कुणीतरी मागून कोट खाली ओढला.

"बसा सर," कुंभार मास्तर कानात म्हणाले. "बोलत्यात ते."

मी बसलो. अण्णांनी सावकाश आम्हा सगळ्या मास्तरांच्या तोंडांकडे बघितलं, आणि बोलले.